खुडूक मोडू नका, तिला बसवा

धान कापून झाले, पुंजणे (धानाचे ढीग) लागले, कुठे कुठे चुरणेही (मळणीही) आटोपत आले आणि आमच्याकडे दर वर्षीसारखं कोंबड्यांची खुडूक मोडायचं, म्हणजे अंडी बंद करून उबवायला बसू बघणाऱ्या कोंबडीची ती ओढ घालवायचं काम परत सुरू झालं. कोणी तिला बादलीत बुचकळून काढतं, कोणी तिचंच पीस उपटून नाकपुडीतून आरपार खुपसतं, कोणी पायाला सुतळी बांधून दिवसभर उन्हात ठेवतं, की बसायचं विसरून लवकर परत अंडी घालायला लागेल म्हणून. मला हे बघवत नाही. दया येते हे तर आहेच, पण हिशोबाने पण हे चूक आहे असं माझं ठाम मत आहे, आणि या वर्षी शेजारपाजारच्या पाच-सहा जणींनी मला विचारलं की तू कशी बसवतेस, तेव्हा म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच टाकू.

आम्ही चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड-ब्रह्मपुरीच्या बाजूला राहतो, धानाचा पट्टा, त्यामुळे तणस म्हणजे धानाचा पेंढा, कोंडा, कणी घरचीच. कोंबड्या म्हणजे आमच्याकडे बायकांची मिळकत. वावराचा पैसा कुठे जातो कळत नाही, पण कोंबडीचा पैसा सरळ हातात येतो, पोट्ट्यांच्या वह्या-पुस्तकांना, किराण्याला, कधी माहेरी जायच्या तिकिटाला. म्हणून खुडूक कोंबडी दिसली की लोकांना वाटतं अंडी बंद म्हणजे पैसा बंद. आता बघा, गावरान कोंबडी एका पाळीत दहा-पंधरा अंडी घालते आणि बसायला बघते, वर्षाची म्हणाल तर पन्नास ते ऐंशीच्या आसपास. ती दहा-बारा अंडी बाजारात विकली तर दीडशे-दोनशे रुपये येतील. तीच तिच्याखाली ठेवली आणि त्यातली निम्मी जरी जगून मोठी झाली तरी सहा महिन्यांनी एकेक कोंबडा चारशे-पाचशेला जातो आणि तलंगा (तरुण कोंबड्या) घरात राहतात त्या वेगळ्या. मग तिला बुचकळून काय मिळवलं तुम्ही? फार तर अजून एक पाळी अंडी.

खुडूक हा आजार नाही हे आधी समजून घ्यायला पाहिजे. तिच्या अंगात प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन वाढतं, त्याने अंडी घालणं थांबतं आणि बसायची ओढ लागते. छातीची पिसं ती स्वतः उपटते, उघड्या कातडीची ऊब सरळ अंड्याला लागावी म्हणून. हात जवळ नेला की अंग फुगवते, चोच मारते, घशातून तो क्रुर्र आवाज काढते. पोल्ट्रीतल्या पांढऱ्या लेगहॉर्न कोंबड्यांमधून ही सवय निवडून निवडून काढून टाकलीय, त्या वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देतात पण बसत नाहीत. आपल्या गावरानीत ती शिल्लक आहे, आणि ही आपली श्रीमंती आहे असं मी तरी मानते. ज्या घरी बसणारी कोंबडी आहे त्या घराला दर वर्षी पिल्लं विकत आणायला लागत नाहीत, एवढी साधी गोष्ट.

बसवायच्या आधी अंड्यांचं बघा, कारण निम्मा निकाल तिथेच लागतो. लोक म्हणतात आमच्या कोंबडीने अंडी नासवली. कोंबडी क्वचित नासवते, अंडीच तशी असतात. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या धानपट्ट्यात तर याचं एक पक्कं कारण आहे ते म्हणजे मंडई, गावची जत्रा. दिवाळी झाली की गावोगावी मंडया, घरोघरी पाहुणे, आणि पाहुण्याला कोंबडा नाही तर काय मंडई झाली? मग मोहल्ल्यातले सगळे कोंबडे त्या आठवड्यात कापले नाहीतर विकले जातात, आणि पंधरा-वीस दिवसांनी बाई कोंबडी बसवते आणि एकवीस दिवस वाट बघून सगळी अंडी बिनबिजाची निघतात. कोंबडा गेल्यावर कोंबडीच्या पोटात बीज साधारण दहा-बारा दिवस टिकतं, त्यानंतरची अंडी फक्त खायची. म्हणून एक तरी चांगला कोंबडा मंडईतून वाचवा, आठ-दहा कोंबड्यांना एक पुरतो, आणि पाहुणे रुसले तर त्यांना मटण खाऊ घाला. दुकानातली पांढरी अंडी ठेवून तर काहीच होणार नाही, तिथे पिंजऱ्यात कोंबडाच नसतो.

अंडी मधल्या आकाराची घ्या, फार लांबट, फार गोल, पातळ टरफलाची नको. घाण लागली असेल तर कोरड्या फडक्याने पुसा पण धुवू नका, अंड्यावर नैसर्गिक पातळ थर असतो तो धुतला की जंतू आत शिरतात. आठवड्यापेक्षा जुनं ठेवायचं नाही, थंडीत फार तर दहा दिवस चालतं. साठवताना टोकाची बाजू खाली. आमच्या सासूबाई कोंड्याने अर्ध्या भरलेल्या टोपल्यात उभी करून ठेवतात, मी पण तेच करते, रोजच्या अंड्यावर पेन्सिलने तारीख टाकते एवढंच जास्तीचं. फ्रिजमधलं अंडं मात्र बसवायला नाही चालत, तिथे फार गार होतं.

आता उन्हाळ्याचं सांगते कारण आपल्या भागात हा सगळ्यात मोठा घोळ आहे. ब्रह्मपुरी-चंद्रपूरचा मे महिना सगळ्यांना माहीत आहे, पंचेचाळीसच्या वर पारा, रात्री पण भिंती गरम. अंड्यातलं बीज २०-२१ अंशाच्या खाली झोपून राहतं आणि त्याच्या वर हळूहळू हलायला लागतं. म्हणजे मे महिन्यात टोपल्यात पडलेलं अंडं कोंबडीशिवायच अर्धवट उबायला लागतं, दुपारी जास्त, रात्री कमी, आणि त्या ओढाताणीत आतला जीव दोन-तीन दिवसांत मरतो, मग तुम्ही ते कितीही चांगल्या कोंबडीखाली ठेवा. त्यात ती बिचारी स्वतः चोच उघडी टाकून धापा टाकत असते, अंड्यावरून उठून उभी राहते. म्हणून माझं म्हणणं आहे की कार्तिकापासून होळीपर्यंत बसवा, हा आपला खरा सीझन. उन्हाळ्यात बसवणारच असाल तर अंडी ओल्या रेतीत ठेवलेल्या माठात, वर ओलं फडकं टाकून ठेवा, चार-पाच दिवसांच्या वर साठवू नका आणि कोंबडी मातीच्या भिंतीच्या थंड खोलीत बसवा. आणि भर मे महिन्यात बसवायचीच नसेल, खुडूक मोडायचीच असेल, तर त्याचीही साधी रीत आहे. खालून हवा खेळेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात तिला सावलीत तीन-चार दिवस ठेवा, दाणापाणी पूर्ण द्या, तणस देऊ नका. पोटाला खालून गारवा लागला की ओढ आपोआप कमी होते. नाकात पीस घालायची काही गरज नाही.

पावसाळ्यात आमच्याकडे कमीच बसवतात. ओल असते, मुंग्या असतात, पिल्लं चिखलात फिरली की रक्ती हगवण लागते. ज्यांच्याकडे कोरडी पक्की जागा आहे त्यांनी करावं, मी करत नाही.

जागा म्हणाल तर आमची सपरीच्या म्हणजे ओसरीच्या कोपऱ्यात, जिथे धानाच्या पोत्यांमागे अंधार असतो आणि पोट्ट्यांची धावपळ पोचत नाही. जुनं रुंद टोपलं घ्यायचं, तळाला चार बोटं राख आणि माती मिसळून मधे जराशी खोलगट, त्यावर मऊ तणस. तणस हाताने चुरगाळून घ्या, ताठ काड्या अंड्याला टोचतात. मधे कडुलिंबाचा पाला आणि जमलं तर तंबाखूची दोन-चार पानं, त्याने पिसवा-उवा कमी होतात. हे फार महत्त्वाचं आहे, कोंबड्या अंडी सोडून उठतात त्याचं मोठं कारण हेच, रात्रभर अंगाला किडे चावत असतील तर कोण बसेल? सासूबाई टोपल्यात एक लोखंडाचा तुकडा आणि दोन कोळसे पण ठेवतात, ढग गरजले तर अंडी बाधू नयेत म्हणून. गडगडाटाने अंडी बाधतात असं मला वाटत नाही, पण लोखंडाने काही बिघडत पण नाही, आणि त्यांच्या हाताला जेवढी पिल्लं निघालीत तेवढी मोजायला बसलं तर गावाची जनगणना होईल, त्यामुळे तो तुकडा आमच्या टोपल्यात असतोच.

बसवायचं रात्री. दिवसा तिची जागा बदलली तर ती परत जुन्या जागी पळते. रात्री अंधारात उचलून नव्या टोपल्यात ठेवली, आधी एक-दोन दिवस तिच्याखाली साधी दोन अंडी ठेवून बघितली, आणि ती घट्ट बसली की मग चांगली अंडी एकदमच सगळी द्यायची. एकदम का, तर सगळी एका दिवशी फुटावीत म्हणून. कोंबडी स्वतः पण तेच करते, पाळी पूर्ण होईपर्यंत रोज घालते आणि निघून जाते, बसते शेवटी, म्हणजे पहिलं अंडं आणि शेवटचं अंडं बरोबरच उबायला लागतं. मध्यम कोंबडीला दहा-बारा पुरे. लोभाने अठरा ठेवली की कडेची अंडी थंड पडतात, ती आत ओढते मग दुसरी बाहेर जातात, असं करता करता सगळीच अर्धी राहतात. अंड्यांवर कोळशाने नाहीतर पेन्सिलने खूण करून ठेवा कारण दुसऱ्या कोंबड्या येऊन तिच्यातच ताजी अंडी घालून जातात, बिनखुणेचं दिसलं की त्याच दिवशी काढून घ्यायचं.

मग एकवीस दिवस. पहिल्यांदा मी फार ये-जा करायचे तर सासूबाई म्हणाल्या, "हात नोको लावू वो तिले, तिचं तिले समजते." आणि खरंच समजतं. तिच्या अंगाचं तापमान ४१ अंशाच्या आसपास असतं आणि अंड्याला लागतं साडेसदतीस-अडतीस, ते ती बसायच्या पद्धतीने बरोबर जुळवते, दिवसातून कितीतरी वेळा चोचीने अंडी फिरवते, कडेची मधे आणि मधली कडेला. फिरवली नाही तर आतलं पिल्लू टरफलाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटून मरतं. हे सगळं अंडी उबवायच्या मशीनमध्ये थर्मोस्टॅट, मोटर, पाण्याचा ट्रे लावून करतात आणि तरी लाईट गेली की सगळे पळतात.

दिवसातून एकदा ती उठते. ते बघण्यासारखं असतं, मी चहा घेऊन सपरीच्या खांबाला टेकून बघते कधी कधी. आधी टोपल्याच्या काठावर येते, थांबते, मान वाकडी करून आजूबाजूला बघते, मग उडी. सगळं अंग फुगलेलं, पंख खाली ओढत, क्रुक क्रुक करत चालते, दुसरी कोंबडी वाटेत आली तर तिच्या अंगावर जाते. एक मोठी थोरली घाण विष्ठा टाकते, तिचा वास वेगळाच येतो, कारण दिवसभराची धरून ठेवलेली असते, टोपल्यात घाण करत नाही ती. मग घाईघाईने ज्वारी टिपते, पाण्यात चोच घालून मान वर करते, परत घालते, आणि शेवटी चुलीच्या राखेच्या ढिगात जाऊन लोळते, एक पाय लांब करून, डोळे मिटून, राख पंखाखाली उडवत. पंधरा-वीस मिनिटं, फार तर अर्धा तास, मग अचानक उठून अंग झटकते आणि सरळ टोपल्याकडे. आत जाताना पाय इतके सांभाळून टाकते की अंड्यावर अंडं आपटत नाही, बसते, आणि चोचीने बाहेर राहिलेलं एक अंडं हनुवटीखाली ओढून घेते.

तुमचं काम एवढंच की त्या वेळी दाणा-पाणी जवळ असावं, तिला शोधत फिरायला लागू नये. धान, ज्वारी, मका असं अख्खं धान्य द्या, कोंड्याचा ओला लगदा देऊ नका, पातळ हगवण लागली तर अंडी भरतात. एखादी इतकी चिकट असते की दोन-दोन दिवस उठतच नाही, तिला हळूच दोन्ही हातांनी उचलून बाहेर ठेवा, पण आधी पंखाखाली चाचपून बघा, अंडं अडकलेलं असतं आणि उचललं की खाली पडून फुटतं.

सातव्या-आठव्या रात्री मोबाईलचा टॉर्च लावून अंडी बघायची. अंधार करायचा, मूठ करून त्यात अंडं धरायचं, जाड बाजूला टॉर्च. आत लाल शिरा पसरलेल्या आणि मधे एक काळा ठिपका हलताना दिसला तर जिवंत. नुसतं पिवळं स्वच्छ दिसलं तर बीज नाही. लाल रेघेचं कडं दिसलं, शिरा नाहीत, तर सुरुवातीलाच मेलंय. स्वच्छ आणि मेलेली दोन्ही काढून टाका, नासलेलं अंडं नंतर टोपल्यात फुटलं तर त्या घाणीने बाकीची पण जातात. माझी मुलगी हे काम मन लावून करते, पहिल्यांदा तिने तो ठिपका हलताना बघितला तेव्हा ती रात्री झोपेपर्यंत तेवढंच बोलत होती.

अठराव्या दिवसानंतर हात लावायचा नाही. आता ती उठत पण नाही जवळजवळ. आतलं पिल्लू फिरून डोकं जाड बाजूच्या हवेच्या पोकळीकडे आणतं, ती फोडून पहिला श्वास घेतं, आणि अंड्यातूनच चिवचिवतं. कान लावला तर ऐकू येतं. कोंबडी खालच्या आवाजात त्याला उत्तर देते, आधी दिलेला क्रुर्र आवाज नाही हा, मऊ वेगळाच आवाज. मग टरफलावर बारीक चीर पडते. पिल्लाच्या चोचीच्या टोकावर एक पांढरा कडक कण असतो, त्याने ते आतून ठोकतं, नंतर दोन-चार दिवसांत तो कण गळून जातो. चीर पडल्यापासून बाहेर यायला बारा ते चोवीस तास लागू शकतात आणि इथेच लोकांचा धीर सुटतो, नखाने टरफल सोलायला बसतात. सोलू नका. त्या वेळात ते पापुद्र्यावरच्या शिरांमधलं रक्त आत घेत असतं आणि उरलेला पिवळा बलक पोटात ओढत असतं, तुम्ही सोललं की रक्त जातं आणि पिल्लू लंगडं नाहीतर मेलेलं हातात येतं.

एका गोष्टीवर मात्र डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा, मुंग्या. चीर पडलेल्या अंड्याच्या वासाने लाल मुंग्या येतात आणि आतल्या पिल्लाला जिवंत खातात. टोपल्याभोवती राखेचं जाड रिंगण करा, रोज नवीन, किंवा टोपलं स्टुलावर ठेवून स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा.

पिल्लं निघाली की लगेच खायला द्यायची घाई नको. पोटात बलक असतो, दोन दिवस तरी त्यावर निघतात. निसर्गाने हे किती विचार करून ठेवलंय बघा, पहिलं पिल्लू उपाशी आहे म्हणून आई उठली असती तर मागची चार अंड्यातच गारठली असती. म्हणून ती शेवटच्यापर्यंत बसून राहते. सगळी निघाल्यावर, नाहीतर बाविसाव्या दिवसाच्या संध्याकाळी, राहिलेली अंडी काढून टाका आणि तिला पिल्लांसकट स्वच्छ तणसावर डालीखाली (बांबूच्या मोठ्या उपड्या टोपल्याखाली) घ्या.

आता बरेच जण म्हणतात मशीन घेऊ, ऑनलाईन स्वस्तात मिळतं. घ्या, पण मशीन एकवीस दिवसांचं काम करतं आणि त्यापुढचे दोन महिने कोण करणार? मशीनच्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३५ अंशाच्या आसपास ऊब लागते, मग दर आठवड्याला थोडी थोडी कमी, त्यासाठी रात्रभर बल्ब, आणि आपल्याकडे डिसेंबरच्या रात्री लाईटचा भरवसा नाही. कोंबडीचे पंख म्हणजे ती ऊब फुकट, आणि पिल्लू स्वतःच ठरवतं कधी आत शिरायचं आणि कधी बाहेर यायचं. शिवाय शिकवणं वेगळंच. दाणा सापडला की ती टुक टुक टुक करत तो उचलते, टाकते, परत उचलते, पिल्लं धावत येतात, असं करून खायचं काय आणि सोडायचं काय हे दोन-तीन दिवसांत त्यांना कळतं. आकाशात घार दिसली की एक लांब आवाज, आणि पिल्लं जिथल्या तिथे पऱ्हाटीत, बंडीखाली, दगडाआड गप्प. मांजर आलं तर वेगळा आवाज, त्या वेळी ती स्वतः पंख पसरून पुढे होते. आमच्या कोठ्यासमोर तिने अख्ख्या बोक्याला मागे रेटताना मी बघितलंय. हे कोणत्या मशीनमध्ये येतं सांगा. ज्यांच्याकडे मशीन आहेच त्यांनी पण एखादी खुडूक कोंबडी बसवून ठेवावी आणि मशीनची एका दिवसाची पिल्लं रात्री अंधारात तिच्या पंखाखाली सरकवावीत, सकाळी ती आपलीच म्हणून घेते. पिल्लं एक-दोन दिवसांचीच हवी, मोठी झाली की ती ओळखते आणि चोच मारते.

बदकाची अंडी पण ती उबवते, तिथे २८ दिवस लागतात, चांगली कोंबडी तो जास्तीचा आठवडा बसते. फक्त बोडीजवळ (छोट्या तळ्याजवळ) घर असेल तर तयारी ठेवा, पिल्लं पाण्यात उतरली की ती काठावर ओरडत फिरते, तिची फार तगमग होते. म्हणून मी आता बदकाची ठेवत नाही.

खाणं सांगते. पिल्लं खायला लागली की पहिले दोन दिवस बारीक कणी आणि उथळ झाकणात पाणी, पाण्यात चार खडे टाका म्हणजे पिल्लं भिजत नाहीत. पहिल्या दिवशी पाण्यात थोडा गूळ. मग ज्वारीचा बारीक भरडा, उकडलेलं अंडं कुस्करून, परवडलं तर पोल्ट्रीच्या दुकानातलं पिल्लांचं खाद्य, त्यात वीस टक्क्यांच्या आसपास प्रोटीन असतं. आणि प्रोटीनचा आपला फुकटचा खजिना म्हणजे उधई, म्हणजेच वाळवी. जुन्या मडक्यात थोडं ओलं तणस, शेण, तुरीच्या काड्या भरायच्या आणि ते मडकं वावरात नाहीतर घरामागे जिथे उधईची माती दिसते तिथे उपडं ठेवायचं, वर ओलं पोतं. दुसऱ्या दिवशी सकाळी उचललं की आत पांढरीशुभ्र वळवळ. ते मडकं आंगणात आपटलं की कोंबडी आणि पिल्लं जशी तुटून पडतात ना, पाच मिनिटांत जमीन साफ. उधई खाणारी पिल्लं लवकर पिसं धरतात हे मी डोळ्याने बघतेय. घराच्या दारं-खिडक्यांजवळ मात्र हा प्रकार करू नका.

पहिले दोन आठवडे दिवसा पण डालीखालीच, किंवा तुराट्यांचं कुंपण करून वर जुनी मच्छरदाणी. आई सोबत असली तरी मुंगसापुढे तिचं चालत नाही, आणि रात्री घूस पिल्लाला ओढून नेते. खुराड्याचा खालचा भाग दगड-मातीने पक्का करा, जाळी बारीक हवी, मोठ्या जाळीतून साप येतो. रोज संध्याकाळी मोजून आत घ्यायची सवय लावा.

सहा-आठ आठवड्यांत ती स्वतःच पिल्लांना चोच मारून दूर करायला लागते, परत कोंबड्याजवळ फिरते, तुरा लाल होतो आणि नवी पाळी सुरू होते. लोकांना वाटतं कोंबडी बिघडली, पिल्लांना मारते. बिघडली नाही, तिचं काम झालं. तिला वेगळं काढा, पिल्लं एकत्र राहू द्या, आणि तिला महिनाभर चांगलं खायला घाला, बसण्यात वजन खूप उतरतं तिचं. लगेच परत बसवू नका. वर्षातून दोनदा बसवली तेवढं पुरे.

शेवटचं आणि ज्याच्यावाचून वरचं सगळं वाया जातं ते म्हणजे मानमोडी, रानीखेत. हा रोग शिरला की मोहल्ल्यातल्या कोंबड्या आठवड्यात साफ होतात, हिरवी हगवण, मान वाकडी, पंख लुळे, आणि त्यावर औषध नाही, लस हाच उपाय. पिल्लं पाच-सात दिवसांची झाली की लासोटा लस डोळ्यात किंवा नाकात एकेक थेंब, आणि सहा ते आठ आठवड्यांची झाली की आर-टू-बी लस टोचून घ्यायची. अडचण अशी की लसीच्या बाटलीत डोस शंभर नाहीतर त्याच्याही वर असतात, विरघळवल्यावर तास-दोन तासांत संपवावी लागते, बर्फात आणावी लागते, आणि एका घरी पिल्लं दहा. म्हणून एकटी बाई जातच नाही दवाखान्यात. याला उपाय एकच, आजूबाजूच्या चार-पाच जणींनी कोंबड्या एकाच आठवड्यात बसवायच्या म्हणजे पिल्लं एकाच वयाची होतात आणि एक बाटली सगळ्यांत वाटली जाते. खर्च पण माणशी किरकोळ पडतो. संध्याकाळी ऊन उतरल्यावर एकीच्या आंगणात सगळ्यांनी आपापली डाल घेऊन यायचं, एकीने पिल्लू धरायचं, एकीने थेंब टाकायचा, पिल्लाने डोळा मिचकावून थेंब आत घेतला की मगच खाली सोडायचं. आजारी, पेंगणाऱ्या पिल्लाला त्या दिवशी देऊ नका, आणि बर्फासाठी थर्मास आधीच धुवून ठेवा.

आमच्या ओळीत या खेपेला चौघी आहेत, अंडी गोळा करणं चालू आहे, येत्या पुनवेच्या आसपास सगळ्या एकाच रात्री बसवणार आहोत. गावातल्या अजून कोणाची कोंबडी खुडूक असेल तर बादली बाजूला ठेवा आणि त्याच रात्री तुमची पण बसवा. अंडी कमी पडत असतील तर माझ्याकडून घेऊन जा, कोंबडा मी मंडईला कापू दिला नाही.